स्टेटस घरच्यांसाठी, बघितलं सगळ्या गावानं: फोटो टाकताना 'कोण बघणार' हे कसं ठरवायचं?

मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका महिलेच्या याचिकेवर सुनावणी झाली. तिची तक्रार अशी होती: एका फोटोग्राफरनं तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर टाकला. तिथून तो फोटो महाराष्ट्रासह तेलंगणा, कर्नाटक आणि ओडिशा या राज्यांच्या, केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या आणि काँग्रेस पक्षाच्या जाहिरातींत गेला. कुणीही तिची परवानगी घेतली नव्हती.

न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठानं सोशल मीडियाच्या आजच्या काळात हा मुद्दा गंभीर असल्याचं म्हटलं आणि संबंधितांना उत्तर द्यायला सांगितलं.

या प्रकरणात लक्ष देण्यासारखी गोष्ट म्हणजे फोटो त्या महिलेनं टाकलेला नव्हता. तिनं कोणतीही सेटिंग चुकवली नव्हती. फोटो दुसऱ्याच्या हातात होता आणि तो कुणी बघायचा, हे त्या दुसऱ्या माणसानं ठरवलं.

फोटो आणि खासगीपणा या विषयावर बोलताना बहुतेक वेळा पासवर्ड, हॅकर आणि अनोळखी लोकांची भीती घातली जाते. पण रोजच्या आयुष्यात फोटो ओळखीच्याच माणसांमधून फिरतो. म्हणून 'माझं अकाउंट सुरक्षित आहे का?' याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हा फोटो कुणासाठी आहे आणि तो त्यांच्यापाशीच थांबेल का?

'माय कॉन्टॅक्ट्स' म्हणजे नेमकं कोण?

भोकरदन तालुक्यातलं, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळचं धावडा घ्या. अशा गावातल्या कुठल्याही फोनमधली नंबरांची यादी उघडली तर काय दिसतं? सासर-माहेरची माणसं, भावकी, मुलांचे शिक्षक, आशाताई, कृषी सेवा केंद्रवाला, मिरचीचा व्यापारी, दूध डेअरी, वायरमन, गॅसवाला, ग्रामपंचायतीचा शिपाई, जेसीबीवाला आणि कधीतरी एकदाच काम पडलेला रिक्षावाला.

व्हॉट्सॲप स्टेटसची मूळ सेटिंग असते 'माय कॉन्टॅक्ट्स'. म्हणजे तुम्ही ज्यांचा नंबर सेव्ह केला आहे आणि ज्यांनी तुमचा केला आहे, ते सगळे. शहरात नंबर सेव्ह न करताही बरीच कामं ॲपवरून होतात. गावात प्रत्येक कामाला माणूस लागतो आणि प्रत्येक माणसाचा नंबर लागतो. त्यामुळे गावातल्या फोनमध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' याचा अर्थ जवळपास अख्खं गाव आणि पंचक्रोशी असा होतो.

नवी साडी नेसून काढलेला फोटो मैत्रिणींसाठी असतो. बारशातला फोटो पाव्हण्यांसाठी असतो. शेततळ्यावर मित्रांसोबत काढलेला फोटो मित्रांसाठी असतो. स्टेटसला गेल्यावर मात्र तिन्ही फोटो सासरे, सर, व्यापारी आणि वायरमन अशा सगळ्यांसमोर एकाच वेळी येतात.

अभ्यासक याला 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' म्हणतात. माणूस घरात एक, कट्ट्यावर एक आणि चावडीवर एक अशा वेगवेगळ्या पद्धतीनं वागतो. त्यात खोटेपणा काही नाही. जागा बदलली की बोलण्या-वागण्याची रीत बदलते. सोशल मीडियावर या सगळ्या जागा एकत्र होतात. दानाह बॉइड आणि ॲलिस मारविक या संशोधकांनी २०११ च्या सुमारास हे ट्विटर वापरणाऱ्यांबद्दल मांडलं होतं. आज ते गावोगावच्या स्टेटसला लागू पडतं.

ग्रुप स्टेटसपेक्षा मोठा का असतो?

स्टेटस निदान तुमच्या यादीपुरतं तरी असतं. ग्रुपचं तसं नसतं. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. 'आपलं गाव', 'दहावीची बॅच', 'भावकी', 'शाळा पालक' अशा ग्रुपवर टाकलेला फोटो, ज्यांचा नंबर तुमच्याकडे नाही अशांपर्यंतही पोचतो. फोटोसोबत तुमचा नंबरही त्यांना दिसतो.

फॉरवर्ड करण्यावर व्हॉट्सॲपनं भारतात २०१८ पासून मर्यादा घातली आहे. पण फोटो गॅलरीत सेव्ह करून नव्यानं पाठवला की तो फॉरवर्ड म्हणून मोजलाच जात नाही. स्क्रीनशॉटचंही तसंच.

म्हणजे सेटिंग फक्त पहिला प्रेक्षक ठरवते. दुसरा प्रेक्षक ठरवतो तो फोटो ज्याच्या फोनमध्ये गेला तो माणूस. तो दाजी असेल, भाचा असेल किंवा शाळेतली मैत्रीण असेल. त्याच्या मनात वाईट काही नसतं. 'किती छान आलाय फोटो' म्हणून तो पुढे पाठवतो. तिथून पुढचा हिशोब कुणाकडेच नसतो.

सोयरिकीच्या बायोडाटाचं काय?

खासगी माहिती सर्वांत जास्त आणि सर्वांत बिनदिक्कत फिरते ती लग्नाच्या बायोडाटात. एका पानावर मुलीचा पूर्ण उंचीचा फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण, वडिलांचं नाव, मामाचं गाव, शेती किती, घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर. हे पान वधू-वर सूचक ग्रुपवर जातं. तिथून दुसऱ्या तालुक्याच्या ग्रुपवर आणि तिथून तिसऱ्या. सोयरीक जमते, लग्न होतं, मूल होतं, तरी बायोडाटा फिरतच राहतो.

पूर्वी हेच पान मध्यस्थाच्या खिशात असायचं. मध्यस्थ दहा घरं फिरायचा आणि कोणत्या घरात पान दिलं हे त्याला माहीत असायचं. आता कुणालाच माहीत नसतं.

याचा अर्थ बायोडाटा देऊच नये असा नाही. पण त्याचे दोन भाग करता येतात. ग्रुपवर टाकायच्या पानावर शिक्षण, नोकरी, तालुका आणि घरातल्या एका मोठ्या माणसाचा नंबर पुरतो. फोटो, जन्मतारीख आणि पत्ता हे पहिलं बोलणं झाल्यावर, विचारणाऱ्या कुटुंबाला थेट पाठवता येतं. फोटोवर आडवं 'फक्त विवाहासाठी' आणि तारीख लिहिली तर तो दुसरीकडे वापरणं थोडं अवघड होतं. एआयच्या काळात अशी अक्षरं पुसता येतात, त्यामुळे तो पूर्ण बंदोबस्त नाही. पण हा फोटो कशासाठी दिला होता, हे पुढच्या माणसाला त्यातून कळतं. सोयरीक जमल्यावर ग्रुपवर 'लग्न ठरलं आहे, बायोडाटा काढून टाकावा' असा निरोप टाकायला एक मिनिट लागतं.

साध्या फोटोत लपवण्यासारखं काय असतं?

'आपल्या फोटोत वावगं काहीच नाही, मग भ्यायचं कशाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. गेल्या काही वर्षांतल्या घटना त्याचं उत्तर देतात.

१ जानेवारी २०२२ रोजी 'बुली बाई' नावाचं ॲप समोर आलं. गिटहब या प्लॅटफॉर्मवर बनवलेल्या या ॲपमध्ये शंभरहून अधिक मुस्लीम महिलांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागानं गुन्हा नोंदवला आणि वेगवेगळ्या राज्यांतून तरुणांना अटक झाली. हे फोटो चोरून काढलेले नव्हते. त्या महिलांनी स्वतःच सोशल मीडियावर टाकलेले साधे, रोजचे फोटो होते.

नंतर एआय आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा चेहरा लावलेला बनावट व्हिडिओ देशभर फिरला. सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीवर फोटो टाकून साडीतले फिल्मी फोटो बनवण्याची लाट आली. ती गंमत होती, पण एका साध्या फोटोवरून काय काय तयार करता येतं हे तेव्हा सगळ्यांना कळलं. जानेवारी २०२६ मध्ये त्याची काळी बाजू दिसली. एक्स या प्लॅटफॉर्मवरच्या 'ग्रोक' या एआयला लोकांनी महिलांचे साधे फोटो देऊन अश्लील फोटो बनवायला लावले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं २ जानेवारीला एक्सला नोटीस पाठवली.

म्हणजे फोटोत काय आहे यावर आता सगळं अवलंबून राहिलेलं नाही. चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो कुणाच्या हातात आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

पण या कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन अपवाद आहेत आणि फोटो टाकणाऱ्या प्रत्येकानं ते माहीत करून घ्यायला हवेत.

पहिला अपवाद: एखाद्या माणसानं स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे फेसबुकवर 'पब्लिक' ठेवून टाकलेल्या फोटोला या कायद्याचं संरक्षण मिळणं कठीण.

दुसरा अपवाद: कुणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तिथेही कायदा लागू होत नाही. म्हणजे आत्यानं किंवा मित्रानं घरगुती ग्रुपवर फोटो पुढे पाठवला तर त्याची दाद या कायद्यात मागता येत नाही.

थोडक्यात, हा कायदा प्रामुख्यानं कंपन्या आणि संस्था आपल्या माहितीचं काय करतात यासाठी आहे. गावातल्या ग्रुपवर फिरणारा फोटो त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

मग फोटो अश्लील असेल किंवा खासगी क्षणाचा असेल तर? तिथे कायदा कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई खासगी अवयवांचे फोटो परवानगीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा गुन्हा मानतं. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अश्लील मजकूर पसरवण्यासाठी कलम ६७ आणि ६७ए आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतं. महिलेनं खासगी फोटो काढायला संमती दिली असेल, पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा ठरतो. ही तरतूद खासगी क्षणांच्या फोटोंपुरती आहे. पण तिच्यामागचं तत्त्व प्रत्येक फोटोला लावता येईल: काढायची परवानगी वेगळी आणि पसरवायची वेगळी.

आणि लग्नाच्या फोटोग्राफरनं तुमचे फोटो स्वतःच्या इन्स्टाग्राम पेजवर टाकले तर? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणून ॲडव्हान्स देतानाच पावतीवर 'विचारल्याशिवाय फोटो कुठेही टाकू नयेत' ही एक ओळ लिहून घेणं सोपं आणि उपयोगाचं आहे.

तर मग काय करता येईल?

सगळे फोटो बंद करा, असं सांगण्यात अर्थ नाही. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या मुलाला घरचा पोळा फोटोतूनच दिसतो. प्रश्न फक्त यादी छोटी करण्याचा आहे.

स्टेटस: प्रायव्हसीत जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' ऐवजी 'ओन्ली शेअर विथ' निवडा आणि वीस-तीस जवळच्या माणसांची यादी करा. 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' मध्ये कुणाला वगळायचं हे आठवत बसावं लागतं आणि नवा नंबर सेव्ह केला की तो आपोआप आत येतो. छोट्या यादीत तसं होत नाही. हा बदल नव्या स्टेटसला लागू होतो, आधी ठेवलेल्याला नाही.

डीपी: 'एव्हरीवन' असेल तर नंबर माहीत असलेला कुणीही तुमचा चेहरा बघू शकतो. तो 'माय कॉन्टॅक्ट्स' वर आणा.

ग्रुप: आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं, याचीही सेटिंग आहे. तिथेही 'एव्हरीवन' काढा.

एकदाच दिसणारा फोटो: 'व्ह्यू वन्स' नं पाठवलेला फोटो सेव्ह होत नाही आणि व्हॉट्सॲप त्याचा स्क्रीनशॉटही अडवतं. पण दुसऱ्या मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढता येतोच. त्याच्या भरवशावर नको तो फोटो पाठवू नये.

लोकेशन: कॅमेऱ्याची लोकेशन सेटिंग सुरू असेल तर फोटो कुठे काढला हे फाइलमध्ये नोंदलं जातं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवताना ती तशीच जाते.

फेसबुक: 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या एका बटणानं जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करता येतात. दहा वर्षांपूर्वी मोबाईल नवा असताना टाकलेले फोटो आजही पब्लिक असू शकतात. टॅग केलेल्या पोस्ट आधी तपासण्याची सेटिंग सुरू केली तर दुसऱ्यानं टॅग केलेला फोटो तुम्ही होकार दिल्याशिवाय तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. कव्हर फोटो मात्र कायम सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे मुलांचे फोटो ठेवू नका.

शाळेचे फोटो: गणवेश, शाळेचं नाव आणि मुलाचं नाव एकाच फोटोत आलं की अनोळखी माणसाला मूल ओळखणं सोपं होतं. शिक्षकांनी एकेकट्या मुलाऐवजी वर्गाचे लांबून काढलेले फोटो टाकले तरी कार्यक्रमाची बातमी होते.

आणि सर्वांत साधा नियम: फोटोत दुसरं कुणी असेल तर टाकण्याआधी विचारा. 'टाकू का गं?' एवढंच. लहान मुलांनाही विचारता येतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आपला आंघोळीचा फोटो कुणाला दाखवायचा नाही, हे चांगलं कळतं.

गैरवापर झालाच तर?

आधी पुरावा ठेवा. घाबरून डिलीट किंवा ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट, लिंक, नंबर, तारीख आणि वेळ जपून ठेवा. कुणी फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागत असेल तर देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

मग त्या प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. नग्न किंवा छेडछाड केलेले फोटो तक्रारीनंतर हटवण्यासाठी २०२१ च्या नियमांत २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती २ तासांवर आणली.

'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवेचाही उपयोग होतो. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो अडवतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही अशीच सेवा आहे.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. हेल्पलाइन नंबर १९३० आहे. पोलिस ठाण्यात गेल्यावर 'ही आमची हद्द नाही' असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते.

पण यातली एकही पायरी मुलीनं घरी सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, आणि इथेच बहुतेक गोष्टी अडतात. फोटोचा गैरवापर झाल्याचं कळल्यावर घरात पहिला निर्णय काय होतो? मुलीचा फोन काढून घेतला जातो. कॉलेजला जाणं बंद होतं. कधी कधी घाईनं लग्न ठरवलं जातं. शिक्षा जिचा फोटो होता तिला होते. हे शेजारची मुलगी बघते आणि ठरवते की आपल्यावर अशी वेळ आली तर घरी सांगायचं नाही. धमकावणारा माणूस नेमका याच गप्प बसण्यावर जगतो.

म्हणून आई-वडिलांनी मुलीला एक वाक्य आजच, काही घडायच्या आधी सांगून ठेवावं: 'असं काही झालं तर पहिल्यांदा आम्हाला सांग, तुझा फोन कुणी काढून घेणार नाही.' आणि वेळ आली तर ते पाळावं.